गच्चीपासून मीटरपर्यंत: घरच्या सोलरची वायरिंग नीट करून घेताना

घरावर सोलर बसवायचं ठरलं की सगळी चर्चा पॅनेलची कंपनी, सबसिडी आणि पैसे किती वर्षांत वसूल होतील याभोवती फिरते. पॅनेल २५ वर्षांची वॉरंटी घेऊन येतं आणि बहुतेक वेळा तेवढं टिकतंही. जळतं, ट्रिप होतं, पावसात बंद पडतं ते पॅनेल आणि मीटर यांच्यामधलं सामान: वायर, जोड, पेट्या, अर्थिंग. कोटेशनमध्ये त्याची एकच ओळ असते, 'इतर साहित्य, स्टँडर्ड'. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. तुम्ही स्वतः वायर ओढावी असं मी अजिबात सुचवत नाही, ते काम परवानाधारक वायरमनचंच आहे. पण काम चालू असताना गच्चीवर जाऊन काय बघायचं आणि काय विचारायचं, हे घरमालकाला कळायलाच हवं. पैसे त्याचे आहेत आणि त्या छपराखाली झोपणारी माणसंही त्याचीच आहेत.

उदाहरण म्हणून महावितरणचं सिंगल फेज घरगुती कनेक्शन आणि ३ किलोवॅटची ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेली, बिनबॅटरीची सिस्टिम धरू. पीएम सूर्य घर योजनेत सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अशी मिळून ७८,०००वर थांबते, म्हणून बहुतेक घरं याच आकड्यावर येतात. महाराष्ट्रात १ किलोवॅटमागे वर्षभराची सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास पडते. म्हणजे तीन किलोवॅटला साधारण १२ युनिट. एप्रिलमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी.

सुरुवात बिलापासून आणि जुन्या वायरिंगपासून

वीजबिल हातात घ्या. त्यावर मंजूर भार किती आणि सप्लाय किती फेजचा, हे दोन आकडे बघा. मंजूर भार सोलरच्या क्षमतेपेक्षा कमी असला तरी घाबरायचं कारण नाही. केंद्राच्या २०२४च्या ग्राहक हक्क सुधारणा नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी धरली जाते आणि लागेल तेवढा भार वाढवून देणं वीज कंपनीवर आहे. मात्र बिलावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव एकच हवं. बिल वडिलांच्या नावावर आणि अर्ज मुलाच्या, असं झालं की फाइल तिथेच अडकते.

आता मीटरपेटीपाशी या. जुन्या घरांत मीटरपासून मेन स्विचपर्यंतची वायर ॲल्युमिनियमची असते, स्क्रू सैल झालेले असतात, न्यूट्रलच्या टोकाशी इन्सुलेशन तपकिरी पडलेलं असतं. एवढी वर्षं त्या वायरमधून वीज फक्त आत येत होती. आता भर दुपारी १३ अँपिअर सलग चार तास बाहेर जाणार आहे. सैल जोड मिक्सर लावल्यावर दोन मिनिटं तापायचा, तो आता रोज दुपारभर तापेल. तेव्हा सोलरच्या आधी मेन स्विच, सर्व्हिस वायरचे जोड आणि न्यूट्रल तपासून घ्या. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर न्यूट्रल किंवा अर्थिंगमध्ये काहीतरी बिघडलंय आणि ते आधी निस्तरायला हवं.

आणखी एक काम स्वतः करा. आठवडाभर दुपारी बाराच्या सुमाराला घरातलं व्होल्टेज बघून वहीत लिहा. साधा प्लगमध्ये लावायचा मीटर पुरतो. २४५च्या वर सतत दिसत असेल तर ही वही पुढे फार उपयोगी पडणार आहे.

लाइट गेल्यावर काय होणार, हे आधीच ठरवा

ऑनग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतं. भर उन्हात, गच्चीवर सहा पॅनेल तळपत असताना घरात पंखा फिरत नाही. खूप जणांना हे सोलर बसल्यावर कळतं आणि मग फसवल्याची भावना होते. असं होण्यामागे ठोस कारण आहे. खांबावर चढलेला लाइनमन डीपीवरून, म्हणजे रोहित्रापाशी, सप्लाय बंद करून काम करत असतो. त्याच वेळी तुमच्या घरातून वीज उलटी लाइनवर गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिड गेली की दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारी पेटी) स्वतःहून लाइनपासून तुटायला हवं, असा नियमच आहे. हे संरक्षण कोणालाही बंद करू देऊ नका.

तुमच्याकडे रोज तास-दोन तास लाइट जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीचा विचार करा. खर्च बराच वाढतो. त्यात विद्युत कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅकअपची वेगळी डीबी (एमसीबींची पेटी). पंखे, दिवे, फ्रिज, वायफाय तिच्यावर घ्या. गिझर आणि बोअरची मोटर घेऊ नका, कारण मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर बसून जातो. बॅकअपच्या सर्किटचं न्यूट्रल बाकी घराच्या न्यूट्रलमध्ये कुठेही मिसळलेलं नसावं. जुन्या घरात नेमकं हेच झालेलं असतं आणि ते शोधायला वायरमनला अख्खा दिवस लागू शकतो.

घरात जुना बॅटरी इन्व्हर्टर असेलच. तो ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या आउटपुटवर सोलरची लाइन कधीही येता कामा नये. नाहीतर लाइट गेल्यावर सोलरच्या इन्व्हर्टरला जुन्या इन्व्हर्टरचा आउटपुट म्हणजेच ग्रिड वाटू शकते, तो त्यात वीज ढकलू लागतो आणि जुना इन्व्हर्टर जळतो. जनरेटर असेल तर त्यालाही हेच लागू: जनरेटर चालू असताना सोलर चेंजओव्हरने पूर्ण तुटलेलं हवं.

स्ट्रिंगचं गणित पाच मिनिटांत

पॅनेलच्या मागे एक स्टिकर असतो. ५४० वॅटच्या नेहमीच्या १४४ सेलच्या पॅनेलवर साधारण असे आकडे दिसतील: ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५, काम करतानाचं व्होल्टेज ४१.६, काम करतानाचा करंट १३ अँपिअर. अशी सहा पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडली की ३,२४० वॅट होतात; या माळेला स्ट्रिंग म्हणतात. व्होल्टेजची बेरीज होते, करंट १३च राहतो.

ओपन सर्किटला सहा पॅनेलचे २९७ व्होल्ट. पण स्टिकरवरचे आकडे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. थंडीत व्होल्टेज वाढतं, अंशामागे साधारण ०.२७ टक्के. निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांवर आणि त्याखालीही उतरतो. त्या सकाळी पहिलं ऊन पडताच ही स्ट्रिंग ३१३ व्होल्टपर्यंत जाईल. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात डीसीची कमाल मर्यादा दिलेली असते, ५०० किंवा ६०० वगैरे. आपला आकडा तिच्या बराच आत आहे, ठीक. ही मर्यादा एकदा जरी ओलांडली तरी इन्व्हर्टर जातो आणि वॉरंटीही मिळत नाही.

उन्हाळ्यात उलटं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पॅनेलच्या सेलचं तापमान ६५ अंशांच्या पुढे जातं. तेव्हा काम करतानाचं व्होल्टेज २५० वरून सुमारे २१५ वर येतं. इन्व्हर्टरच्या एमपीपीटीची (पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा इनपुटचा भाग) खालची मर्यादा याच्या खाली हवी. ज्यांना वाटतं की ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, त्यांनी मे आणि फेब्रुवारीचा एकेक स्वच्छ दिवस ॲपवर शेजारी शेजारी बघावा. प्रकाश पॅनेलला हवा असतो, उष्णता त्याला मारते.

तिसरा आकडा करंटचा, आणि इथे हल्ली गडबड होते. ६०० वॅटच्या पुढची मोठ्या सेलची काही पॅनेल १७-१८ अँपिअर देतात. छोट्या इन्व्हर्टरच्या इनपुटची मर्यादा १४ ते १६ असेल तर वरचा करंट तो घेतच नाही. म्हणजे वॅटचे पैसे मोजूनही ती वीज मिळत नाही. तसंच तीन-तीन पॅनेलच्या दोन स्ट्रिंग करून एकाच इनपुटला समांतर जोडल्या तर करंट दुप्पट, २६ अँपिअर. छोट्या घरासाठी एकच सरळ स्ट्रिंग बरी.

सावलीचं म्हणाल तर पाण्याची टाकी, जिन्याची खोली, डिश अँटेना, शेजारचा माड यांपैकी कशाची सावली कोणत्या पॅनेलवर किती वाजता पडते, हे डिसेंबरच्या हिशेबाने बघा, कारण तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. सिरीजमध्ये एका पॅनेलवरची सावली बाकी पाचांनाही मागे ओढते. पॅनेलमधले बायपास डायोड त्याची तीव्रता कमी करतात, पण रोज त्यांच्याच भरवशावर राहू नये. गच्चीला दोन दिशांचा उतार असेल तर दोन एमपीपीटीचा इन्व्हर्टर घ्या आणि एकेका दिशेची पॅनेल एकेकावर घ्या.

डीसी वायर आणि जोड: सगळ्यात जास्त लक्ष इथे

घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते. त्यामुळे खटका उघडला की ठिणगी पडते आणि विझते. डीसी शून्यात येतच नाही. ३०० व्होल्टच्या डीसीत एखादा जोड सैल झाला की तिथे पेटलेली ठिणगी पेटलेलीच राहते, प्लास्टिक वितळवते, पुढे आग लावते. आणि ही वीज मेन स्विच बंद करून बंद होत नाही. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंत आहे. म्हणून घरच्या वायरिंगमध्ये चालून जाणारी ढिलाई गच्चीवर चालत नाही.

वायर सोलर डीसी केबलच हवी: कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची, ४ चौरस मिलिमीटर, अतिनील किरणं सोसणारं दुहेरी आवरण. आयएस १७२९३ किंवा ईएन ५०६१८ असं वायरवरच छापलेलं असतं, वाचून घ्या. घरातली साधी पीव्हीसी वायर उन्हात काही वर्षांत तडकते. गच्ची ते इन्व्हर्टर २० मीटर अंतर धरलं, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर, तर ४ चौरस मिलिमीटरमध्ये अडीच-पावणेतीन व्होल्ट पडतात, एकूण व्होल्टेजच्या सुमारे एक टक्का. तेवढं चालतं. अंतर याच्या दुप्पट असेल तर ६ ची वायर मागा.

जोडांना सगळे एमसी फोर म्हणतात. इथे तीन गोष्टी बघा. पहिली, क्रिम्पिंग, म्हणजे वायरच्या टोकाला धातूची टोपी (लग) दाबून बसवणं, त्याच कामाच्या हत्याराने होतंय का. पकडीने दाबलेला लग बाहेरून तसाच दिसतो, आत मात्र तारा अर्धवट धरलेल्या असतात आणि उन्हाळ्यात तो जोड तापायला लागतो. कारागिराला एक लग दाबून दाखवायला सांगा, ओढून बघा. दुसरी, नर आणि मादी दोन्ही एकाच कंपनीचे हवेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण मापातल्या बारीक फरकाने पाणी शिरतं. तिसरी, जोड स्लॅबवर पडलेला नसावा. पॅनेलच्या मागे, फ्रेमला टायने बांधून वर उचललेला असावा. पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर 'आयसोलेशन फॉल्ट' (वीज अर्थकडे गळतेय असा इशारा) दाखवून उशिरा सुरू होत असेल तर निम्म्याहून अधिक वेळा असा एखादा जोड पाण्यात बसलेला सापडतो. टायही उन्हात टिकणारे काळे किंवा स्टीलचे हवेत. पांढरे साधे टाय दुसऱ्या उन्हाळ्यात हात लावताच तुटतात.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: सिस्टिम चालू असताना एमसी फोर कधीही ओढून सोडवायचा नाही. बंद करताना आधी एसीचा एमसीबी, मग डीसीचा स्विच. मग पाच मिनिटं थांबायचं, कारण इन्व्हर्टरच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

अधिक आणि उणे वायर एकाच पाइपमधून, शेजारी शेजारी आणा. दोन बाजूंनी फिरवून आणल्या तर मध्ये मोठी कडी तयार होते आणि जवळ वीज पडली की त्या कडीत व्होल्टेजचा झटका येतो. पाइपची तोंडं बंद हवीत. कोकणात माकडं आणि सगळीकडेच उंदीर उघडी केबल सोडत नाहीत.

डीसी पेटी

हिच्यात साधारणपणे फ्यूज, सर्ज प्रोटेक्टर म्हणजे एसपीडी आणि डीसीचा एमसीबी किंवा आयसोलेटर असतो. एकाच स्ट्रिंगला फ्यूजची तांत्रिक गरज नसते. तीन किंवा जास्त स्ट्रिंग समांतर आल्या तरच तो खरा कामाला येतो. पण असला तर २० ते २५ अँपिअरचा, सोलर डीसीसाठीचाच हवा. खरी काळजी एमसीबीची. एसीचा एमसीबी डीसीवर लावला तर तो नेहमीसारखा खालीवर होईल, पण बिघाडाच्या क्षणी ठिणगी विझवू शकणार नाही. डीसीच्या बऱ्याच एमसीबींना दिशाही असते. त्यावर अधिक-उणेच्या खुणा छापलेल्या असतात. उलटा जोडला तर तोच पेट घेतो. झाकण उघडायला लावा आणि खुणा जुळतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

एसपीडीला छोटी खिडकी असते. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे त्याने एक झटका स्वतःवर घेतला आणि आता तो कामाचा नाही. वळीव आणि परतीचा पाऊस या दोन्ही मोसमांनंतर ही खिडकी बघायची सवय लावा. एसपीडीपासून अर्थपट्टीपर्यंतची वायर अर्ध्या मीटरच्या आत हवी. ती लांबवून, वेटोळं करून ठेवली असेल तर एसपीडी असून नसल्यासारखा.

पेटीला वायर खालूनच आत यावी, ग्लँड (वायर आत येते तिथलं आवळायचं बूच) घट्ट बसवलेला असावा. वरून भोक पाडलं तर पाणी येतं आणि ग्लँड सैल असला तर मुंग्या आणि पालीची पिल्लं. पाल दोन टोकांना टेकली की काय होतं, ते कोणत्याही वायरमनला विचारा.

इन्व्हर्टर जिन्यात किंवा स्लॅबखाली, हवा खेळती असलेल्या भिंतीवर लावा. आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलं आहे म्हणून उन्हात लावू नका. तापला की तो स्वतःहून उत्पादन कमी करतो.

एसी बाजू: दुपारी बंद का पडतं?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात कमी समजावून सांगितली जाते. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं. किती जास्त, हे मधल्या वायरवर ठरतं. तीन किलोवॅटला २३० व्होल्टवर १३ अँपिअर. इन्व्हर्टर गच्चीच्या जिन्यात, मीटर फाटकापाशी, अंतर २५ मीटर. अडीच चौरस मिलिमीटरची वायर असेल तर इन्व्हर्टरला पाच व्होल्ट जास्त उभे करावे लागतील. सहाची असेल तर दोनच. खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरची भर वेगळी.

आता ती वही काढा. दुपारी गल्लीतली माणसं कामावर, मुलं शाळेत, पंखे-मोटारी बंद. त्यात आणखी चार घरांवर सोलर आहे आणि डीपी जवळ आहे. लाइनवरच २४८ व्होल्ट आहेत. ग्रिडचं व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या ११० टक्क्यांवर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत तुटायचं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३चे नियम सांगतात. २३० धरले तर २५३. पाच व्होल्ट वायरने खाल्ले की झालंच. इन्व्हर्टर तुटतो, व्होल्टेज उतरतं, मिनिटभराने तो परत जोडला जातो, परत तुटतो. ॲपमधला आलेख साडेअकरा ते दोनच्या मध्ये कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. दिवसभरातली सगळ्यात मोलाची वीज त्या फटींत गळून जाते.

उपाय क्रमाने करायचे. एसीची वायर पहिल्यापासून जाड घ्या. तीन किलोवॅटला चार तरी हवी, अंतर जास्त असेल तर सहा. फरक काही हजारांचा असतो, आणि वायर भिंतीत गेल्यावर बदलणं महाग पडतं. मग मीटर, मेन स्विच आणि सर्व्हिस वायरचे जोड आवळून घ्या. तरीही व्होल्टेज चढत असेल तर वहीतल्या नोंदींसह महावितरणकडे लेखी तक्रार द्या. रोहित्राची टॅप बदलून किंवा फेज बदलून ते खाली आणता येतं. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये दुसऱ्याच देशाचा कोड टाकून मर्यादा वाढवून देणारे भेटतात. तसं करून घेऊ नका. त्या वाढलेल्या व्होल्टेजवर तुमचाच फ्रिज आणि टीव्ही चालत असतो.

पाच किलोवॅट किंवा जास्त बसवायचं असेल आणि घरी तीन फेज असतील तर तीन फेजचा इन्व्हर्टर घ्या. करंट तीन वायरींत वाटला जातो आणि चढणाऱ्या व्होल्टेजचा प्रश्न बराच हलका होतो.

एसी पेटीत २० अँपिअरचा एमसीबी पुरतो. १३ अँपिअरवर पाव भाग वाढवून जवळचं माप. सोबत एसीचा एसपीडी. सोलरची लाइन घरच्या ईएलसीबीच्या (गळती झाली की वीज तोडणारा खटका) पुढे, म्हणजे घराच्या बाजूला, जोडू देऊ नका. आजचे बहुतेक इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर नसलेले असतात, पॅनेलकडून थोडा गळतीचा करंट येतोच आणि पावसात तो वाढतो. घरचा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी त्याने पुन्हा पुन्हा पडतो. मग वैतागून कोणीतरी तो काढूनच टाकतं आणि बाथरूममधल्या गिझरचं संरक्षण जातं. सोलरला स्वतःचं वेगळं संरक्षण द्या आणि लाइन थेट मीटरनंतरच्या मेनला आणा.

अर्थिंग

तीन खड्डे: एक पॅनेल-स्ट्रक्चर आणि डीसी बाजूसाठी, एक इन्व्हर्टर आणि एसी बाजूसाठी, एक वीजरोधकासाठी (आकाशातली वीज जमिनीत नेणारा लाइटनिंग अरेस्टर). वीजरोधकाची पट्टी भिंतीवरून खाली येताना केबलच्या पाइपला चिकटून येता कामा नये. घराच्या दुसऱ्या बाजूने उतरवा.

अर्थिंगचा रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत हवा. इथे आपल्या जमिनीचा विचार करावा लागतो. देशावर चार फुटांवर काळा पाषाण लागतो, कोकणात जांभा. तीन मीटरचा रॉड ठोकणं कठीण जातं म्हणून एक-दीड मीटरवर कापून वरून झाकण लावलं जातं. बाहेरून खड्डा अगदी नीट दिसतो. रॉड खाली जाताना तिथे उभे राहा. पाषाण लागला तर ड्रिल करायला सांगा किंवा जागा बदला. खड्ड्यात केमिकल पावडर भरली का, तेही बघा. आणि मोजमाप जुलैत करून घेतलं तर ते खोटं समाधान आहे, कारण ओल्या मातीत कोणताही खड्डा चांगला आकडा देतो. मे महिन्यात पुन्हा मोजून घ्या.

गच्चीवर प्रत्येक पॅनेलची फ्रेम अर्थिंगला जोडलेली हवी. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर ॲनोडायझिंगचा थर असतो, त्यातून वीज जात नाही. म्हणून पॅनेल स्ट्रक्चरवर नुसतं बोल्टने कसणं म्हणजे अर्थिंग नव्हे. फ्रेमला अर्थिंगचं वेगळं भोक असतं, तिथे दातेरी वॉशर लावून हिरवी-पिवळी वायर जोडतात. समुद्राजवळ तांब्याचा उघडा लग ॲल्युमिनियमवर बसवला तर दोन-तीन पावसाळ्यांत जोड पांढरी पूड होऊन सुटतो. कथिलाचा मुलामा दिलेला लग आणि स्टेनलेसचा बोल्ट मागा.

वीजरोधक असला की सगळं सुरक्षित, असं समजू नका. तो घराला थेट पडणाऱ्या विजेपासून वाचवतो. लांबवर पडलेल्या विजेचा तारेतून येणारा झटका एसपीडीच अडवतो. दोन्ही हवेत, आणि दोघांचंही काम अर्थिंगवर अवलंबून आहे.

चालू करण्याआधी

शेवटचा हप्ता देण्याआधी तुमच्यासमोर मोजमापं करून घ्या. स्ट्रिंगचं ओपन सर्किट व्होल्टेज: दुपारच्या उन्हात सहा पॅनेलचे २६५ ते २९० च्या दरम्यान. ४५ ने कमी आलं तर एक पॅनेल स्ट्रिंगमध्ये नाही, १५ च्या आसपास कमी आलं तर एखाद्या पॅनेलच्या डायोडकडे बघा. अधिक-उणे बरोबर आहेत का. मेगरने (इन्सुलेशन मोजायचा मीटर) डीसी वायर आणि अर्थ यांच्यामधलं इन्सुलेशन, किमान १ मेगाओहम. तिन्ही खड्ड्यांचे आकडे. हे सगळं कागदावर, सहीसकट. सोबत सिंगल लाइन डायग्राम, पॅनेलचे आणि इन्व्हर्टरचे सिरीयल नंबर, इन्व्हर्टरची वॉरंटी तुमच्या नावावर, आणि ॲपचं मुख्य खातं तुमच्या मोबाइलवर. खातं एजन्सीकडेच राहिलं आणि एजन्सी बंद पडली तर आपल्याच गच्चीवरचे आकडे आपल्याला दिसत नाहीत.

एक चाचणी तुम्हीही बघू शकता. भर उन्हात मेन स्विच बंद करायला सांगा. इन्व्हर्टर लगेच थांबला पाहिजे. स्विच लावल्यावर तो किमान एक मिनिट थांबून, लाइन तपासून मगच सुरू झाला पाहिजे.

आणि नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा) बसल्याशिवाय सिस्टिम चालू ठेवायची नाही. 'तोपर्यंत दोन-चार आठवडे चालवून बघा, बिल कमी येईल' असा सल्ला मिळतो. जुने बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कोणत्या दिशेने जाते हे बघत नाहीत, बाहेर गेलेलं युनिटही वापरलेलं म्हणूनच मोजतात. मग तुम्ही फुकट दिलेल्या विजेचं बिल तुम्हालाच येतं, शिवाय परवानगीशिवाय ग्रिडला जोडल्याचा ठपका वेगळा.

नेट मीटर लागल्यावर पहिल्याच दिवशी त्याचे दोन आकडे, आयात आणि निर्यात, फोटो काढून ठेवा. सोलर जनरेशन मीटर असेल तर त्याचाही. महिन्याने बिल आलं की त्यावरच्या रीडिंगशी ताडून बघा. जनरेशनमधून निर्यात वजा केली की उरतं ते तुम्ही दिवसा थेट वापरलेलं. ॲप रोज १२ युनिट दाखवतंय, दिवसा घराला कुलूप असतं आणि तरी बिलावर निर्यात शून्य, असं दिसलं तर मीटरची जोडणी उलटी आहे किंवा बिलिंगमध्ये मीटरचा प्रकार बदललेला नाही. त्याच आठवड्यात तक्रार करा. शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण त्यांचा वर्षाचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. चूक त्याच्या आत दुरुस्त झालेली बरी.